परका पार्ट

माझे भावजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, घर बघायला गेले की पाणी किती वेळ येतं, ऊन कुठून येतं, शेजार कसा आहे, यातलं काहीही विचारत नाहीत. ते दाराबाहेरच्या रस्त्यावर उभे राहतात, खिशातून काचेची गोटी काढतात आणि वाकून जमिनीवर ठेवतात. गोटी घरंगळली तर पुढचं बोलणं. जागच्या जागी राहिली तर घर कुणी फुकट दिलं तरी नको.

त्यांच्या संसारातल्या सगळ्या मोठ्या गोष्टी अशाच ठरल्या. त्यांचा दातांचा डॉक्टर माणूस म्हणून बरा आहे. डॉक्टर म्हणून कसा आहे ते ताईने तोंड उघडलं की कळतं. पण त्याच्या दवाखान्यासमोर सुरेख उतार आहे. माझ्या भाचीची शाळाही उतार बघूनच घेतली. शाळा चांगली निघाली हा त्या पोरीच्या नशिबाचा भाग.

याला कारण ठकी. ठकी ही त्यांची मोटार. ती बनवणारी कंपनी आम्ही तरुण असतानाच बुडाली. गोल पाठ, मोरपिशी रंग, आणि पुढचे दोन दिवे असे की आत्ताच कुणीतरी तिला वाईट बातमी सांगितली आहे असं वाटावं. भावजींनी घेतली तेव्हाही ती जुनीच होती. 'ठकी' हे नाव ताईने ठेवलं. भावजींना वाटतं, लहान मुली बाहुलीला ठकी म्हणतात तसं लाडाने ठेवलं. ताईने मला एकदा हळूच सांगितलं, "अरे, ठकवलं म्हणून ठकी."

तर या ठकीचा स्टार्टर मेलेला आहे. किल्ली फिरवली की आतून फक्त 'टक्' असा आवाज येतो, एखाद्या म्हातारीने जीभ टाळ्याला लावून नापसंती दाखवावी तसा. पूर्वी भावजी पुढून लोखंडी हँडल मारून गाडी सुरू करत. एकदा हँडल उलटं फिरलं, त्यांचा खांदा निखळला आणि ते बंद झालं. मग उरला उतार. गाडी उतारावर, तोंड खाली करून उभी करायची. निघताना ब्रेक सोडायचा, ती गडगडू लागली की दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. ठकी एक हिसका देते, खोकते आणि सुरू होते. वाटेत सपाट जागी बंद पडली तर खाली उतरून ढकलणारे आम्ही.

दुसरा स्टार्टर बसवला असता तर हा सगळा छळ एका दुपारात संपला असता. पण त्या गाडीचा स्टार्टर आता जगात कुठे मिळत नाही, आणि दुसऱ्या गाडीचा भावजींना चालत नाही. ठकीच्या अंगात एकही परका पार्ट नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा अभिमान.

"पण भावजी, हा बंद आहे," मी एकदा म्हणालो होतो.

"बंद आहे, पण घरचा आहे," ते म्हणाले. "उद्या तुम्ही बंद पडलात तर तुम्हाला काढून तिथे दुसरा मेहुणा बसवू का?"

मला उत्तरं घरी गेल्यावर सुचतात. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझा जन्म गेला. दुसऱ्याच्या वाक्यातली चूक मला लांबून दिसते, स्वतःचं वाक्य मात्र घशातच अडकतं. भावजी मला 'काना-मात्रा' म्हणतात. माझी त्याला हरकत नाही. म्हणजे असावी, पण मी ती कधी घेतलेली नाही.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण आता प्रश्न ताईच्या गुडघ्याचा होता.

त्यांचं घर एका चढाच्या माथ्यावर, तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. ताईचा उजवा गुडघा झिजून झिजून पाय बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखा वाकलाय. हाडांच्या डॉक्टरांनी आम्हा तिघांसमोर स्वच्छ सांगितलं होतं, "गुडघा बदलायला हवा, आणि लवकर. असंच थांबलात तर पाय आखडेल. मग बदलूनही फारसं चालता येणार नाही." त्या दिवशी तिला खुर्चीत बसवून, दोन माणसं लावून वर आणलं. त्यानंतर ती खाली उतरलेली नाही. जी बाई भाजीवाल्याशी भांडायला मुद्दाम लांबच्या बाजारात पायी जायची, ती आता दोरीला टोपली बांधून खिडकीतून पाव वर ओढते आणि पाववाल्याशी तिसऱ्या मजल्यावरून भांडते. त्यात मजा नाही म्हणते.

भावजी ऑपरेशनच्या बाजूचे होते. बाजूचे कसले, पिसाटलेले होते. आयुष्यभर पाणीखात्यात पंपांचे नकाशे काढलेला माणूस. डॉक्टरांकडचा कृत्रिम गुडघा हातात घेतल्यापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

"अगं, काय काम केलंय बघ," ते त्या दिवशी ताईला हाताच्या मुठी एकमेकींवर घासून दाखवत होते. मी चहा पीत होतो. "वर धातू, खाली धातू, मध्ये घसरायला वायसर. ग्रीससुद्धा नको! असं बेअरिंग आमच्या खात्याला मिळालं असतं ना, तर गावाला कधी पाण्याची बोंब झाली नसती."

"कुठल्या कंपनीचं?" ताईने विचारलं.

"बाहेरची आहे. एकदम नंबर एक."

"म्हणजे माझ्या कंपनीचं नाही."

"तुझी कसली कंपनी?"

"मला बनवणारी. आई-बाबा. ती कंपनी बुडाली." ताईने गुडघ्यावरून हात फिरवला. "मला परका पार्ट चालायचा नाही. बंद आहे, पण घरचा आहे."

मला ठसका लागला. भावजी हसले नाहीत.

"ही थट्टेची वेळ आहे का?"

"थट्टा कोण करतंय? आधी ठकीला दुसऱ्या गाडीचा स्टार्टर बसवा. ज्या दिवशी ती उभ्या जागी सुरू होईल त्या दिवशी मी डॉक्टरांच्या टेबलावर जाऊन झोपते. बाळ्या, तू साक्षीदार."

सत्तरीच्या माणसाला बाळ्या म्हणणारं एकच माणूस जगात उरलंय. मी मान डोलावली. काय करणार?

भावजी उठून गॅलरीत गेले आणि खाली ठकीकडे बघत राहिले. संध्याकाळी भाचीचा परगावाहून फोन आला. "मामा, ती दोघंही लहान मुलं झालीयत. मी इथून काय करू? तूच काहीतरी कर."

जगात मध्यस्थी करायला माझ्याहून नालायक माणूस नसेल. तरीही मी गेलो.

भावजी सकाळी ठकी पुसत असतात. बनियनच्या मऊ कापडाने, वरून खाली, कधीही गोल नाही. मी काय बोलायचं ते घरून पाठ करून आलो होतो. पहिलं वाक्य होतं, 'भावजी, वस्तू माणसासाठी असते.' मी तोंड उघडलं तर ते म्हणाले, "सरका जरा, तुमची सावली पडतेय."

मी सरकलो. वाक्य गेलं.

"स्टार्टरचं काय करायचं?" शेवटी मी विचारलं.

"बघतोय ना. फिटर आजारी आहे."

दुसऱ्या खेपेला फिटर बरा झाला होता, पण ब्रॅकेटचं माप जुळत नव्हतं. तिसऱ्या खेपेला माप जुळलं, पण हवा दमट होती. दमट हवेत स्टार्टर बसवत नाहीत हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. इकडे ताईचा पाय आणखी आखडल्यासारखा दिसू लागला. ती आता खिडकीपर्यंतसुद्धा भिंत धरून जाई. मी म्हटलं, "ताई, तू तरी हट्ट सोड." ती म्हणाली, "मी कुठे नाही म्हणतेय? त्यांनी बसवावा, मी तयार आहे." आणि हे बोलताना ती इतकी प्रसन्न दिसायची की मला तिचाच राग यायचा.

अखेर मी एकटाच फिटरकडे गेलो. मला अशा जागी काय बोलावं कळत नाही. मी दारात उभा राहून घसा खाकरला. फिटर एका गाडीखाली होता. फक्त त्याचे पाय दिसत होते. मी पायांना सगळं सांगितलं.

"म्हणजे तुम्ही मोरपिशीवाल्यांचे मेहुणे," पाय म्हणाले. मग तो सरकत बाहेर आला. "काका, हात जोडतो, त्यांना आवरा. दर वर्षी येतात. मापं घेतात, चहा पितात, माझं डोकं खातात आणि जातात. तो बघा स्टार्टर, फळीवर. मी त्याला नवरदेव म्हणतो. मुंडावळ्या बांधून बसलाय नुसता."

"म्हणजे ते आधीपासून येतायत?"

"कधीपासून! त्यांचा खांदा निखळला तेव्हापासून."

"आणि ब्रॅकेट?"

"ब्रॅकेट कधीच तयार आहे. ठकीच्या अंगाला दोन नवी भोकं पाडावी लागतील, एवढंच. मी ड्रिल हातात घेतलं की तुमचे भावजी घड्याळ बघतात आणि उठतात."

मी तिथून तडक चढ चढून गेलो. या वयात असा चढ मी तडक चढत नाही. भावजी ठकीच्या बॉनेटवर कोपर टेकून उभे होते. मला राग आला की माझा आवाज मोठा होण्याऐवजी बारीक होतो, पण त्या दिवशी तो निघाला तरी.

"फिटर आजारी नव्हता," मी म्हणालो. "हवा दमट नव्हती. तुमची गाडी उतारावर उभी आहे आणि माझी बहीण खिडकीत अडकलीय. पत्र्याला दोन भोकं पाडायची म्हटली की तुमच्या पोटात गोळा येतो, आणि तिला मात्र हाड कापून घे म्हणता! एवढं सुंदर बेअरिंग आहे तर स्वतःच्या गुडघ्यात घाला!"

वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडली. इतकं लांब मी कधी कुणाला बोललो नव्हतो.

भावजी बराच वेळ कापडाची घडी करत राहिले.

"बरं," ते म्हणाले. "सांगा त्याला. पण पुढचा विचार केलाय का तुम्ही?"

"पुढे काय? ताईने शब्द दिलाय."

"तुम्हाला काना-मात्रा कळतात हो," ते म्हणाले, "मधलं अक्षर कळत नाही."

मी म्हटलं, चला, बोलू दे. हरलेला माणूस बोलतोच.

ठकी उतारावरून फिटरच्या शेडमध्ये गेली. ड्रिलचा आवाज सुरू झाला तेव्हा भावजी बाहेर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, शिक्षा झालेल्या पोरासारखे. मध्येच त्यांनी विचारलं, "एकच झालं का?" मी आत बघून सांगितलं, "दुसरं चाललंय." त्यांनी डोळे मिटले. मला त्यांची दया यायला हवी होती. खरं सांगायचं तर मला विजयी झाल्यासारखं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्याने काहीतरी घडत होतं.

गाडी परत आणून त्यांनी ती ताईच्या खिडकीखाली उभी केली आणि बंद केली. मग किल्ली फिरवली. 'घूंऽऽर्र' असा एक परका, धडधाकट आवाज आला आणि ठकी उभ्या जागी सुरू झाली. हिसका नाही, खोकला नाही. भावजी स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसले. घरच्या माणसाच्या तोंडून अनोळखी आवाज यावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

मी जिना चढून वर धावलो. "ताई, ऐकलंस?"

ताई खुर्चीच्या हातांना घट्ट धरून बसली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ऐकलं," ती म्हणाली.

"आता तारीख घेऊ या."

"तुला कुणी सांगितलं होतं रे नाक खुपसायला?"

मला वाटलं, ती गंमत करतेय. पण तिने खुर्चीचे हात अजून सोडले नव्हते.

"तूच म्हणालीस ना..."

"मी म्हणाले, कारण ते कधीच बसवणार नाहीत हे मला ठाऊक होतं! इतका संसार केलाय मी त्यांच्याशी. त्या भरवशावर तर बोलले. मूर्खा, ते करवतीने हाड कापतात. करवतीने! शेजारच्या काकूंनी सांगितलंय मला, अर्धवट गुंगीत आवाज ऐकू येतो म्हणून."

मी तिथेच वेताच्या मोड्यावर बसलो. इतक्या दिवसांत माझ्या लक्षात कसं आलं नाही, हे मला अजून कळलेलं नाही. ती प्रसन्न का दिसायची ते कळलं, आणि स्वतःचं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं.

भावजी धापा टाकत वर आले. त्यांनी ताईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"म्हटलं होतं ना?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी स्टार्टरला नाही म्हणत होतो तोवर तिला ढाल होती. रोज वाटायचं, आज आपणहून हो म्हणेल. तुम्ही आलात ढोल वाजवत."

"मग तुम्ही ठकीसाठी अडून बसला होता की ताईसाठी?"

"दोन्ही," ते म्हणाले, आणि ताईसमोर स्टूल ओढून बसले. असल्या उत्तरावर माणसाने काय करायचं? रागवायचं असलं तरी कुठल्या अर्ध्यावर?

"उद्या काढून टाकतो तो स्टार्टर," ते ताईला म्हणाले. "आहे काय त्यात."

"आणि भोकं?"

"भोकं राहतील."

"मग काढून काय उपयोग?"

खाली कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

"तिला फार लागलं का?" ताईने विचारलं.

"लोखंडाला काय लागतंय. मला लागलं."

"बघितलंत तुम्ही?"

"छे. भिंतीकडे तोंड करून उभा होतो."

"मग माझ्या वेळीही तसेच उभे राहाल."

"तिथे तर चारी बाजूंना भिंती आहेत," भावजी म्हणाले. "पाहिजे ती निवडतो."

ताई हसली. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले आणि माझ्यावर खेकसली, "बघतोस काय? लाव त्या डॉक्टरांना फोन. आधी विचार, पूर्ण झोपवणार का ते. झोपवणार असतील तर तारीख घे, माझं मन फिरायच्या आत. आणि पुन्हा कुणाच्या भानगडीत मध्यस्थी करायला जाऊ नकोस. तुला जमत नाही."

डॉक्टर म्हणाले, पूर्ण झोपवू. मी तारीख घेतली.

हॉस्पिटल शहराच्या सपाट भागात आहे. भावजींनी त्या जागेकडे आयुष्यभर पाठ फिरवली होती. त्या सकाळी ताईला खुर्चीतून खाली आणून ठकीत बसवलं. रुग्णवाहिकेला ती नाही म्हणाली. भावजींनी गाडी हॉस्पिटलच्या आवारात उभी केली आणि किल्ली खिशात टाकली, पण हात खिशातच राहिला. ऑपरेशन चाललं होतं तेवढा वेळ ते एका भिंतीकडे तोंड करून होते. त्या भिंतीवर हात धुण्याच्या सूचना होत्या. त्यांना त्या नंतर तोंडपाठ झाल्या होत्या.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणारी मुलगी चार पायांचा वॉकर घेऊन आली.

"आजी, आज उभं राहायचं आणि एक पाऊल टाकायचं. आजोबा कुठे आहेत?"

आजोबा खाली गेले होते. गाडी रात्रभर सपाट जागी उभी होती, म्हणून सुरू होते का ते बघायला. ताईचा गुडघा की गाडीचा स्टार्टर, हे या माणसाला आजही ठरवता येत नव्हतं. मी तावातावाने दाराकडे निघालो तेवढ्यात मागून 'आई गं' असं ऐकू आलं. वळलो तर ताई उभी होती. वॉकर धरून, ओठ दाबून, तिने उजवा पाय पुढे टाकला. सरळ. तो वाकडा पाय सरळ पडलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"शाब्बास, आजी!" मुलगी म्हणाली.

"ताई," मी म्हणालो, आणि पुढे माझं वाक्य नेहमीसारखं अडकलं. मग राग उफाळून आला. "थांब, त्या माणसाला बखोटीला धरून आणतो. असल्या वेळी..."

"गप्प बस," ताई म्हणाली. "मला परत बसव आधी. हं. आता ऐका दोघंही. पहिलं पाऊल अजून पडलेलं नाही. समजलं?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. आमच्या घरात हे असंच चालतं, हे तिला कसं सांगणार?

भावजी धावतपळत आत आले. "लागली! पहिल्या किल्लीला लागली! सपाटीवर, थंड इंजिन!"

"हो का?" ताई म्हणाली. "मग आता इकडे बघा."

ती उठली, मघापेक्षा जरा जास्तच कण्हत, आणि पाऊल टाकलं. भावजी वाकून तिच्या गुडघ्याजवळ कान नेऊन उभे राहिले. "आवाज नाही," ते म्हणाले. "अजिबात आवाज नाही." मग त्यांना वर बघता येईना, म्हणून ते तसेच वाकून राहिले.

तेवढ्यात दारात पहारेकरी आला. खाली एक हिरवी-निळी गाडी कुणी चालू ठेवून गेलंय, सगळा धूर लहान मुलांच्या वॉर्डात जातोय, मालक कोण?

"परत लागेल की नाही, म्हणून बंद केली नाही," भावजी वाकूनच म्हणाले. "काना-मात्रा, तुम्ही जा. मी इथून हलत नाही."

"बाळ्या, जा ना," ताई म्हणाली. "उभा काय राहिलास?"

मी गेलो. जिना उतरलो, ठकीचं दार उघडलं, भावजींच्या जागेवर बसलो. मला गाडी येत नाही. समोर तीन खटके आणि एक किल्ली होती, इंजिन छान गुरगुरत होतं, आणि पहारेकरी काचेवर टकटक करून म्हणत होता, "काका, या वयात तरी जरा अक्कल वापरा."